वर्गात आई म्हणायचं नाही

मी चौथीत गेले त्या वर्षी आई माझ्या वर्गाची बाई झाली. घाटकोपरची आमची शाळा लहान होती, टेकडीच्या पायथ्याशी. खाली बालवाडी आणि वर चौथीपर्यंतचे वर्ग. तिसरीपर्यंत आईने मला मुद्दाम दुसऱ्या बाईंच्या तुकडीत ठेवलं होतं. पण चौथीची तुकडी एकच, आणि चौथीच्या जुन्या बाई निवृत्त झालेल्या. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. त्यांनी आईला खोलीत बोलावून सांगितलं, "वर्ग तुम्हीच घ्या. पण आपलं मूल आपल्याच वर्गात असलं की पालक बोलतात. तेवढं सांभाळा." आईने ते इतकं सांभाळलं की माझी पुरती वाट लागली.

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी तिने मला समोर बसवलं. "उद्यापासून फाटकाच्या आत मी तुझी आई नाही. बाई. सगळी मुलं म्हणतात तसं बाई म्हणायचं, अहो-जाहो करायचं. कळलं?" मला हा खेळच वाटला. मी खुशीत मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला माझ्या पेन्सिलीचं टोक तुटलं आणि मी सवयीने म्हटलं, "आई, टोकयंत्र दे ना." आई फळ्यावर गणित लिहीत होती, ती लिहीतच राहिली. मी पुन्हा हाक मारली. मग तिने वळून वर्गाला विचारलं, "कोणाची आई आली आहे का रे वर्गात?" पोरं खो खो हसली. तास संपेपर्यंत मी उभी होते. घरी जाताना तिने मला पेरू घेऊन दिला, पण तो पेरू मी खाल्ला नाही.

लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, त्यातली लेक म्हणजे मी. मागच्या बाकावर कोणी बडबडलं की आई माझ्यावर डोळे वटारायची, म्हणजे बडबडणारा आपोआप गप्प बसे. शुद्धलेखनात इतरांची वेलांटी चुकली तर लाल गोल. माझी चुकली तर लाल गोल आणि वर शेरा. वह्या वाटायच्या शेवटी, खडू आणायला पाठवायचं कधीच नाही. बाईंची मुलगी म्हणून माझा तोरा असेल असं बाहेरच्यांना वाटायचं. तोरा कसला डोंबलाचा!

तरी मी ते चालवून घेतलं, कारण माझ्या मनाशी एक हिशेब होता. त्या वर्गात आई माझी नव्हती, हे खरं. पण ती दुसऱ्या कोणाचीही नव्हती. सगळ्यांना सारखीच बाई. साडेबाराला शाळा सुटली, फाटक ओलांडून आम्ही रस्त्याला लागलो की ती माझ्या खांद्यावरचं दप्तर काढून आपल्या हातात घ्यायची, आणि तिथून पुढे ती फक्त माझी असायची.

ऑगस्टमध्ये ती मुलगी आली.

ती कोकणातल्या गावातून आलेली. बापाची गिरणी बंद पडली तसा तो गावी जाऊन बसलेला. आईला विक्रोळीच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं, म्हणून माय-लेकी टेकडीवर मामाच्या खोलीत राहायला आलेल्या. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की बाकावर माझ्या शेजारी एक किडकिडीत पोरगी येऊन बसली आहे, तिच्या वेण्या सुटलेल्या आहेत आणि ती माझ्या दप्तराकडे टक लावून बघते आहे.

दप्तरात माझा डबा होता. मधल्या सुट्टीपर्यंत त्यातली पोळी गायब.

पुढचे काही दिवस वर्गात नुसता धुमाकूळ होता. आज याचा डबा उघडलेला, उद्या तिच्या डब्यातला लाडू नाही. पकडायला जावं तर ती ओरबाडायची, चिमटे काढायची, फळा पुसायचं डस्टर फेकून मारायची. कवितेच्या तासाला बाकाखाली जाऊन बसायची. एकदा मी माझा डबा तिच्या हातातून ओढला, तर तिने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. दातांचे वळ उठले. मी भोकाड पसरलं. मला वाटलं, आता तरी आई काही करेल. आईने माझ्या मनगटावर पाणी घातलं, "जा, जागेवर बस" म्हणाली, आणि त्या मुलीला घेऊन बाहेर गेली. मी खिडकीतून बघितलं. आई तिला जिन्याच्या पायरीवर बसवून केळं सोलून देत होती. चावा मला आणि केळं तिला!

रात्री जेवताना आईने बाबांना ते सांगितलं. "सकाळी काय खाल्लंस विचारलं, तर म्हणते, चाय घेतलंय. आणि काल रात्री? रातीक पेज खाल्लंय. आई पहिल्या पाळीला जाते, उजाडायच्या आत निघते. मामी हिच्याकडे बघत नाही. सात वाजता शाळेत येतं ते पोर, उपाशी. दहा वाजेपर्यंत डोकं ठिकाणावर राहील का कोणाचं? मी बघत होते ना, मधल्या सुट्टीत कोणाचा तरी डबा पळवून खाल्ला की नंतरचे दोन तास कशी शहाण्यासारखी बसते." बाबा ट्रॉम्बेला नोकरीला होते आणि पहाटेची बस पकडायची म्हणून लवकर झोपायचे. ते पेंगत म्हणाले, "मग उद्यापासून हिच्या डब्यात दोन पोळ्या जास्त दे." हिच्या म्हणजे माझ्या. मी मनातल्या मनात तयारसुद्धा झाले. दोन पोळ्या जास्त, मी तिला देणार, आई बघणार, आणि वर्गात पहिल्यांदा माझं कौतुक होणार.

पण आईने तसं केलं नाही. तिने आपला डबा काढला.

या डब्याबद्दल सांगायला हवं. आईचा डबा माहेरचा. दोन कप्प्यांचा, जाड स्टीलचा, कडी लावली की खट् असा आवाज करणारा. झाकणावर आजीने आईचं माहेरचं नाव घालून घेतलेलं. पहिलीपासून मी त्या डब्याच्या मागे लागले होते. "हरवशील. पोचे पाडशील. मोठी झालीस की नेशील," असं म्हणून तिने मला प्लास्टिकचा पिवळा डबा दिला होता. त्याला कितीही धुतलं तरी कालच्या भाजीचा वास येई. आणि आता आईचा डबा, आईच्या नावासकट, त्या मुलीला! पोरांनी चिडवू नये म्हणून आई तो वर्गातल्या कपाटावर ठेवायची, गुंडाळलेल्या नकाशांच्या मागे. मधल्या सुट्टीची घंटा झाली, श्लोक म्हणून झाला, की टाचा उंच करून तो काढायची आणि तिच्यासमोर ठेवायची. खट् आवाज झाला की मी माझा पिवळा डबा बाकाखाली घ्यायची. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

मग आई स्वतः काय खायची? चहा. इतर बाई आपापले डबे उघडून बसायच्या आणि आई चहाचा कप घेऊन वह्या तपासायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि खरं सांगते, मला आईची दया आली नाही. मला आणखीच राग आला. माझ्यासाठी आई कधी उपाशी राहिली होती? राहायची वेळच आली नव्हती, कारण माझं पोट भरलेलं होतं. भरल्या पोटाच्या मुलीचं असंच होतं. तिच्यासाठी कोणाला काही सोडावं लागत नाही, म्हणून कोणी सोडत नाही.

गणपती येईपर्यंत ती मुलगी माणसात आली. चावणं थांबलं. चिमटे थांबले. पाढे तर ती घडाघडा म्हणायची. आईने तिला फळा पुसायचं काम दिलं. शाळा सुरू झाल्यापासून मी ज्या कामासाठी हात वर करत होते, तेच काम. घरी आईच्या तोंडी दुसरा विषय नसे. "पोट भरलं की पोरगी किती गुणी आहे बघा." बाबा एकदा म्हणाले, "आपलीही गुणीच आहे हो." त्यावर आई म्हणाली, "हिचं काय, ही आहेच."

ही आहेच. तांदळाच्या डब्यासारखी मी आपली आहेच.

वेण्यांचं मात्र मी कधी विसरणार नाही. मला लांब केस होते. तिसरीच्या सुट्टीत आईने ते कापून बॉयकट करून टाकला होता, कारण सकाळच्या घाईत वेण्या घालायला तिला वेळ नव्हता. मी दोन दिवस रडले होते. आणि आता, मधल्या सुट्टीत, डबा खाऊन झाला की आई त्या मुलीला पुढ्यात घेऊन तिच्या वेण्या घालायची. आधी गुंता सोडवायची, मग भांग, मग तीन पेड, मग लाल रिबिनीचं फूल. सावकाश, अगदी सावकाश. मी पहिल्या बाकावर बसून माझ्या मानेवरून हात फिरवायची. मानेवर काहीच नसायचं. कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबस!

हेही मी गिळलं असतं कदाचित. पण नवरात्रानंतर एके दिवशी आई मुलांना भोंडल्याची उरलेली खिरापत वाटत होती. सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट. वाटी संपत आली तशी मागून त्या मुलीने हात पुढे केला आणि म्हणाली, "आई, माका पण."

मला वाटलं, आता आई वळणार. आता विचारणार, कोणाची आई आली आहे का रे? आता पोरं हसणार आणि ही तास संपेपर्यंत उभी राहणार. मी वाट बघत होते. आई वळलीच नाही. वाटी खरवडता खरवडता म्हणाली, "हो गं बाळा, देते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणी म्हणेल, चुकून निघालं तोंडातून, लहान पोरांचं होतं असं. मुळीच नाही. ती आपल्या आईला 'आये' म्हणायची. एकदा तिची आई तिला न्यायला आली होती तेव्हा मी ऐकलं होतं, "गे आये" म्हणत ती धावत सुटली होती. म्हणजे स्वतःच्या आईसाठी तिच्याकडे स्वतःचा शब्द होता. हा दुसरा शब्द तिने माझ्याकडून घेतला होता, माझ्या आईसाठी. आणि मला जो शब्द वर्गात उच्चारायची बंदी होती, त्याला आईने ओ दिली होती.

त्या दुपारी घरी आल्यावर मी दप्तर ठेवलं, हातपाय धुतले आणि म्हटलं, "बाई, मला पाणी द्या."

आई हसली. "अगं, शाळा सुटली."

"हो बाई."

पहिल्या दिवशी तिला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पुरे आता." तिसऱ्या दिवशी तिने पाठीत धपाटा घातला. मी धपाटा खाऊन म्हटलं, "चुकलं बाई." बाबा मध्ये पडले, तर मी त्यांना म्हणाले, "बाईंना सांगा, मी भाजी खाणार नाही." मी घरात अहो-जाहो करायला लागले. बाई, तुमचा फोन शेजारी आलाय. बाई, तुमचा पदर ओला झालाय. शेजारच्या काकू हसून हसून बेजार, पण आई हसेनाशी झाली. रात्री ती माझ्या अंगावर चादर घालायला आली की मी डोळे मिटून घ्यायची. ती थोडा वेळ उभी राहायची आणि मग दिवा घालवायची. मी जिंकत होते. फक्त जिंकताना गंमत वाटायला हवी, तशी वाटत नव्हती. पण माघार कशी घ्यायची ते मला माहीत नव्हतं. आधी तिने घ्यावी, असं माझं म्हणणं होतं.

आणि शाळेत रोज, नेमाने, खट्.

सहामाहीच्या आधीच्या आठवड्यात मी ठरवलं की तो डबा घरी न्यायचा. चोरायचा वगैरे नाही. आमचाच डबा, तो चोरायचा कशाला? कवायतीच्या तासाला सगळा वर्ग खाली पटांगणात गेला तेव्हा मी पोट दुखतंय म्हणून वर थांबले. वर्ग रिकामा होईल असं मला वाटलं होतं, पण फळा पुसायला ती मागे राहिली होती. तिच्याकडे लक्ष न देता मी आईची खुर्ची ओढत कपाटापाशी नेली आणि वर चढले.

"काय करतंस?" तिने विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"पडशील गो."

वर्गाच्या लाद्या उंचसखल होत्या. खुर्ची डगमगत होती. तिने डस्टर टाकलं आणि येऊन दोन्ही हातांनी खुर्ची धरली. खाली बघितलं तर तिचा सरळ भांग आणि दोन लाल फुलं. आईच्या हातची.

"सोड," मी म्हटलं.

"पडशील."

"सोड म्हटलं ना! माझ्या आईची खुर्ची आहे."

तिने सोडली. ती गुणी झाली होती, सांगितलेलं ऐकायची. नकाशांच्या मागे माझ्या बोटांना डब्याची कडी लागली, मी ती ओढली, आणि खुर्ची, नकाशे, डबा आणि मी असे सगळे एकदम खाली आलो. बाकाची कड माझ्या हनुवटीत घुसली. डबा लादीवर आपटून उघडला. त्यातून दोन पोळ्या आणि दुधीची भाजी बाहेर पडली. इतके दिवस मला वाटायचं त्या डब्यात काहीतरी खास असतं. माझ्या पिवळ्या डब्यातही त्या दिवशी दुधीच होती.

मग रक्त दिसलं. ते फ्रॉकवर टपटप पडायला लागलं आणि मला ब्रह्मांड आठवलं. ती मुलगी किंचाळत जिन्याकडे धावली. "आई! आई!" अशा हाका मारत ती खाली गेली, सगळ्या शाळेला ऐकू जातील अशा. मीही हाक मारली. जिवाच्या आकांताने मारली. माझ्या तोंडून निघालं, "बाई! अहो बाई!"

मी ठरवून नाही म्हटलं. शपथ. इतक्या दिवसांच्या सवयीने जिभेवर तेच बसलं होतं.

आई वर आली ती जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत. मागे सगळा वर्ग, आणि वर्गाच्या मागे मोठ्या बाई. आई लादीवर बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराचा बोळा करून हनुवटीला दाबून धरला.

"काही नाही हं, काही नाही. कुठे कुठे लागलं?"

"हनुवटीला," मी हुंदके देत म्हटलं. "बाई, खूप दुखतंय."

"आता नको ना गं."

"बाई, मी पडले."

आईने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, सगळी पोरं माना उंच करून बघत होती, कोणाचे पालकही असतील फाटकाशी. आईला ते सगळं दिसत होतं.

"आई म्हण," ती म्हणाली.

मी मान वळवली.

"अगं, आई म्हण ना मला. म्हण ना एकदा."

तिच्या खांद्यावरून मला ती मुलगी दिसत होती. लादीवर उकिडवी बसून तिने पोळ्या उचलल्या होत्या, कप्पे गोळा केले होते आणि झाकणाला पडलेला पोचा ती फ्रॉकच्या टोकाने पुसत होती, जणू पुसल्याने तो जाणार होता. आम्ही दोघी काय बोलतो ते ती ऐकत होती.

मी आधी तिच्याकडे बघितलं. मग खाली पटांगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आई!"

पोचा पुसणारा तिचा हात थांबला. ते बघून मी आणखी एकदा म्हणाले.